मूठ म्हणजे सा

आमच्या घरात गाणारे कोण आणि न गाणारे कोण, ही वाटणी मी पाचवीत असतानाच झाली. आण्णा गाणारे. मी टाळ धरणारा.

आमचं गाव सातारा जिल्ह्यात, कोरेगाव तालुक्यात. आण्णा विकास सोसायटीत सचिव होते, उरलेल्या वेळात शेतकरी. पण गावात त्यांची ओळख वेगळी. एकादशीचं भजन असो, सप्ताहातला हरिपाठ असो, चाल आण्णांनी धरायची, मग बाकीच्यांनी. एकदा मी त्यांच्या मागं उभं राहून अगदी मनापासून गात होतो. अभंग संपला, आण्णा वळले आणि म्हणाले, "टाळ झ्याक वाजीवतोस तू. टाळच वाजीव. गाऊ नगंस."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. डॉक्टरांनी पोराला चष्मा लागणार असं सांगावं, तितक्या सरळपणे ते बोलले. मीही तितक्याच सरळपणे ऐकलं. त्यानंतर शाळेच्या प्रार्थनेत, राष्ट्रगीतात, कॉलेजच्या गॅदरिंगला, मित्रांच्या वाढदिवसाला केक कापताना मी नुसते ओठ हलवत आलो. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत हॉस्टेलच्या बाथरूममध्येसुद्धा गायलो नाही. तुमच्यातल्या अनेकांना ही कला येत असेल. ओठ हलवणारे एकमेकांना लांबून ओळखतात.

२०२२ मध्ये नोकरीनिमित्त मी बुडापेस्टला आलो. इथं नोव्हेंबरात साडेचारलाच काळोख होतो आणि घरी जाऊन लॅपटॉप पुन्हा उघडण्यापलीकडं काही उरत नाही. २०२३ च्या हिवाळ्यात ऑफिसातली एक सहकारी मला ओढून एका वर्गाला घेऊन गेली. झुग्लो भागातलं एक जुनं सांस्कृतिक केंद्र, वरच्या मजल्यावर एक खोली, गोलात मांडलेल्या खुर्च्या. 'ज्यांना गाता येत नाही अशा मोठ्या माणसांसाठी' असा तो वर्ग होता. दहा-बारा जण होते, निम्मे परदेशी. शिकवणाऱ्या बाई सत्तरीच्या, आयुष्यभर प्राथमिक शाळेत गाणं शिकवून निवृत्त झालेल्या. हंगेरियन लोक अशा बाईंना 'नेनी' म्हणतात, म्हणजे आपली काकू किंवा मावशी. आम्हीही नेनीच म्हणायला लागलो.

पहिल्या दिवशी नेनींनी फक्त दोन सूर दिले. सो आणि मि. लहान मुलं एकमेकांना लांबून हाक मारताना किंवा चिडवताना वर-खाली जे दोन सूर लावतात, साधारण तेच. 'सो' म्हणजे तळहात स्वतःच्या छातीकडे, अंगठा वर. 'मि' म्हणजे तळहात पालथा, जमिनीला समांतर, टेबलावर ठेवावा तसा, 'सो'च्या थोडा खाली. त्या हात दाखवायच्या, आम्ही म्हणायचं. मी ओठ हलवायला लागलो. दोन मिनिटांत पकडला गेलो, कारण माझा हात ओठांच्या मागून येत होता.

"आधी हात," नेनी म्हणाल्या. "आवाज नंतर."

मला वाटलं होतं, या खुणा म्हणजे उजळणीच्या तक्त्यासारखं काहीतरी असेल, लक्षात राहावं म्हणून. तसं नाही. प्रत्येक खुणेत त्या सुराचा स्वभाव भरलेला आहे. 'दो' म्हणजे कमरेच्या पातळीवर मूठ. घट्ट, कुठंही न जाणारी. 'रे' म्हणजे छपरासारखा तिरका, वर चढू पाहणारा तळहात. 'फा' म्हणजे अंगठा खाली, कारण फा ला खालच्या मि वर पडायची घाई असते. 'ला' म्हणजे मनगटातून सैल सोडलेला हात, बोटं खाली लोंबणारी. 'ति' म्हणजे वर रोखलेलं बोट, कारण त्याला वरच्या दो पर्यंत पोचल्याशिवाय चैन नाही. आणि वरचा दो पुन्हा मूठ, पण आता कपाळापाशी. अंगठा खाली वळवून 'फा' म्हणून बघा. मनगटालाच कळतं की इथं फार वेळ थांबता येणार नाही.

ही पद्धत मुळात हंगेरीची नाही. दो-रे-मि ही अक्षरं अकराव्या शतकातल्या ग्विदो नावाच्या इटालियन साधूनं एका स्तोत्राच्या ओळींच्या सुरुवातीवरून घेतली. तेव्हा 'दो'च्या जागी 'उत्' होतं. पुढं इंग्लंडात नॉरिच शहरातल्या सारा ग्लोव्हर (१७८६–१८६७) या शिक्षिकेनं मुलांसाठी त्यांची सोपी पद्धत केली. सातव्या 'सि'चा 'ति' त्यांनीच केला, म्हणजे प्रत्येक सुराचं पहिलं अक्षर वेगळं. १८४१ मध्ये संडे स्कूलवाल्यांच्या एका परिषदेनं जॉन कर्वेन या तरुण धर्मोपदेशकाला गाणं शिकवण्याची सोपी रीत शोधायला सांगितलं. (कर्वे नव्हे, कर्वेन. मला पहिल्यांदा ऐकताना एकदम पुण्याचेच वाटले.) त्याला स्वतःला संगीताचं शिक्षण नव्हतं. ग्लोव्हरबाईंच्या पुस्तकावरून तो शिकला आणि १८७० च्या सुमारास त्यानं हाताच्या खुणा त्यात घातल्या. हंगेरीचा संगीतकार झोल्तान कोदाय (१८८२–१९६७) याला ही रीत इंग्लंडात दिसली. त्यानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ती हंगेरीच्या शाळांमध्ये आणली, पण गाणी वापरली आपल्या खेड्यांतली. ती गाणी त्यानं आणि बेला बार्तोकनं १९०५-०६ पासून गावोगाव हिंडून, फोनोग्राफच्या मेणाच्या नळकांड्यांवर गोळा केली होती.

तुम्ही या खुणा पाहिलेल्याही असतील. स्पिलबर्गच्या १९७७ च्या 'क्लोज एन्काउंटर्स ऑफ द थर्ड काइंड'मध्ये परग्रहवासीयांशी पाच सुरांतून बोलतात, ते हात हेच. त्यातला भारतातला तो प्रसंग, जिथं शेकडो लोक बसून ते सूर गातात, आपल्या खालापूरजवळच्या हाळ गावात चित्रित झाला होता. नेनींना हे मी सांगितलं, तर त्यांनी तो सिनेमाच पाहिला नव्हता.

यातलं मला सगळ्यात आधी जे कळलं ते 'दो'चं. हा दो पियानोच्या ठरावीक पट्टीवर बसलेला नाही. गाणं जिथं सोयीचं, तिथं दो. आपल्याकडे कुणी 'काळी एक' म्हणतो, कुणी 'पांढरी चार', आणि त्या पट्टीला सा मानून गातो, तसंच. आमच्या धंद्यात सांगायचं तर हा रिलेटिव्ह पाथ आहे. एकदा मुळाचं फोल्डर ठरलं की बाकी सगळं त्याच्यापासून मोजायचं. मला लहानपणी वाटायचं की सूर म्हणजे हवेत कुठंतरी टांगलेली वस्तू आहे, आण्णांच्या हाताला ती लागते आणि माझ्या लागत नाही. इथं कळलं की एकटा सूर कधी चुकत नसतो. चुकतं ते अंतर.

तीन-चार आठवड्यांनी नेनींनी माझं निदान केलं. "तू ऐकतोस बरोबर. पण उडी मारायच्या आधी कुठं पडायचं ते ठरवत नाहीस." हात आधी नेला की ते ठरवावंच लागतं. 'सो'ची खूण करायची तर क्षणभर आधी 'सो' डोक्यात वाजलेला असावा लागतो. मग आवाज फक्त तिथं जातो. डिसेंबरात एके दिवशी मी 'दो-मि-सो' म्हटलं आणि नेनी काहीच बोलल्या नाहीत. पुढच्या माणसाकडं वळल्या. एवढंच. घरी येताना ट्रॉलीबसमध्ये खिशातल्या हातानं मी तेच करत होतो.

त्याच महिन्यात आण्णांचा घसा बसल्याचं खरं कारण कळलं. आषाढीपासून आवाज फाटत होता. घरचे म्हणत होते, भजनानं बसला असेल. काढे झाले, गरम पाणी झालं. आण्णा तरुणपणापासून बिड्या ओढायचे, हे सगळ्यांना माहीत होतं आणि त्यावर कुणी बोलत नव्हतं. जानेवारी २०२४ मध्ये स्वरयंत्र पूर्ण काढलं.

या शस्त्रक्रियेनंतर श्वास मानेवर केलेल्या छिद्रातून चालतो. नाकातून हवा जात नाही, म्हणून वासही जवळजवळ जातो. आण्णांनी मला व्हॉट्सअॅपवर टाइप केलं होतं, "फोडणी करपली तरी कळत नाही." बोलण्यासाठी मानेला लावायचं एक यंत्र मिळालं, इलेक्ट्रोलॅरिंक्स. बटण दाबलं की ते घूंऽऽ करतं आणि ओठ-जिभेनं त्या आवाजाचे शब्द करायचे. आण्णांनी ते दोनदा वापरलं, पुसलं, डबीत घातलं आणि टेबलाच्या खणात टाकलं. मी व्हिडिओ कॉलवर विचारलं, तर त्यांनी पाटीवर लिहून पाटी कॅमेऱ्यासमोर धरली. "एकाच सुरात बोलतंय. नको."

फेब्रुवारीत बुडापेस्टला परतल्यावर मी वर्ग सोडणार होतो. त्यांचा आवाज गेल्यावर आपण पैसे भरून दो-रे-मि शिकतोय, याची लाज वाटत होती. नेनींना सांगायला म्हणून गेलो, तर त्या दिवशी वेगळाच सराव चालू होता. सगळ्यांनी गाणं सुरू करायचं, हातही चालवायचे. नेनींनी मूठ मिटून दाखवली की आवाज बंद, हात मात्र चालू. चार ठोके, आठ ठोके. त्यांनी पुन्हा खूण केली की आवाज सुरू, आणि तो बरोबर त्या जागी असायला हवा, जिथं गाणं एव्हाना पोचलं असेल. याला ते आतलं ऐकणं म्हणतात आणि कोदायच्या शिक्षणात त्याला फार मान आहे. खोलीत दहा माणसं गप्प बसून हात वर-खाली करत होती. मी ठोके मोजत होतो. तिसऱ्या का चौथ्या ठोक्याला डोक्यात आलं, आण्णा आता दिवसभर हेच करत असणार. सोसायटीत, रानात, जेवताना. फक्त त्यांना पुन्हा सुरू करायची खूण कुणी देणार नाही.

वर्ग सोडायचं त्या दिवशी सांगायचं राहिलं. नंतर सांगितलंच नाही.

दिवाळीला घरी गेलो ते वसुबारसेला. कार्तिकातल्या काकड्याचे दिवस. आमच्याकडं कोजागरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत पहाटे देवळात काकडा चालतो. त्यातल्या एका अभंगाची जुनी चाल आण्णांकडं त्यांच्या चुलत्यांकडून आलेली. गेल्या वर्षी फाटक्या आवाजात का होईना, त्यांनीच म्हटली होती. आता पोरं तो अभंग दुसऱ्याच, सोप्या चालीत म्हणत होती. त्यात त्यांचा दोष नाही. चाल आण्णांशिवाय पूर्ण कुणाला येतच नव्हती.

रेकॉर्डिंग होतं. २०१७ चं, माझ्याच फोनवर. मी फोन खांबाला टेकवून ठेवला होता आणि स्वतः त्याच्या शेजारी उभा होतो. त्या व्हिडिओत सगळ्यात मोठ्यानं ऐकू येतो तो माझा टाळ. त्याखाली पखवाज. त्याच्याही खाली कुठंतरी आण्णा.

धनत्रयोदशीच्या संध्याकाळी ओसरीवर बसून मी हेडफोन लावून तेच ऐकत होतो आणि सवयीनं हात चालले होते. आण्णांनी चुटकी वाजवली. मोबाइल माझ्यापुढं धरला. "कसले चाळे?"

मी दाखवलं. आण्णांना सरगम नावापुरतीच माहीत. ते सगळं कानानं शिकलेले. पण पाच खुणा त्यांनी दिवा लावायच्या आत उचलल्या. दो-रे-मि ही नावं त्यांना नको होती. त्यांनी मूठ मिटली, माझ्याकडं बघितलं आणि ओठांनी न वाजणारा 'सा' केला. मूठ म्हणजे सा. ठरलं.

मग त्यांनी हात चालवायला सुरुवात केली आणि मी गायचं. मी. आण्णांसमोर. अठ्ठावीस वर्षांचा घोडा, आणि घशाला कोरड पडली होती. पहिल्या ओळीत मला दिसलं की या चालीत फा आणि ति येतच नाहीत. सा रे ग प ध, एवढाच खेळ. भूप. पहाटेच्या गाण्यांना आपल्याकडं भूपाळ्याच म्हणतात. आणि गंमत म्हणजे नेनीही आम्हाला सुरुवातीचे कित्येक महिने याच पाच सुरांत फिरवत होत्या, कारण जुनी हंगेरियन लोकगीतं पुष्कळशी पाचच सुरांची.

पण सगळं काही जुळलं नाही. आण्णांचा हात छातीपाशी 'सो'वर होता आणि तिथून 'मि'वर आला. मी प म्हटलं, ग म्हटलं. त्यांनी मान हलवली. पुन्हा. मी पुन्हा प, ग. मग त्यांनी माझा हात धरला आणि म्हशीच्या पाठीवरून फिरवावा तसा वरून खाली ओढत नेला, कुठंही न थांबता. कर्वेनच्या खुणा म्हणजे जिना आहे. एक पायरी, दुसरी पायरी. आण्णांची चाल उतारावरून येत होती. खुणा आम्हाला दोन टोकं सांगत होत्या. मधली वाट हातालाच दाखवावी लागली. नेनींच्या वर्गात असा हात केला असता तर त्यांनी मनगट धरून सरळ केलं असतं.

"तसं न्हाई ते," आतून आई म्हणाली.

"मग तू म्हण की."

"मला न्हाई बाई येत." आणि तुळशीपुढं पणती ठेवता ठेवता तिनं अख्खं ध्रुपद गुणगुणलं, उतारासकट. आण्णांनी आणि मी एकमेकांकडं पाहिलं. तीस-पस्तीस वर्षं ती देवळात बायकांच्या बाजूला उभी राहून ते ऐकत आली होती. तिला गाता येतं का, असं आमच्यापैकी कुणी कधी विचारलंच नव्हतं. त्या वाटणीत ती कुठल्या बाजूला होती, हेही माहीत नव्हतं. ध्रुपद तिच्याकडून पक्कं झालं. पुढच्या कडव्यांच्या वरच्या जागा मात्र आण्णांच्याच, त्या तिलाही येत नव्हत्या.

तीन संध्याकाळी गेल्या. लक्ष्मीपूजनाच्या रात्री बाहेर फटाके वाजत होते आणि आम्ही माजघरात दार लावून शेवटच्या ओळीवर अडलो होतो. ओळ वरून उतरत मुठीवर येते, तिथून आणखी खाली, कमरेखालच्या लोंबत्या हातावर, म्हणजे खालच्या ध वर जाते. मी तिथं थांबायचो. आण्णा मान हलवायचे. सूर बरोबर होते, मला खात्री होती. मी त्या वेळपर्यंतचं मोबाइलवर रेकॉर्ड करून नेनींना पाठवलं. त्यांचं लगेच उत्तर आलं. त्यांना ते फार आवडलं होतं. 'ला'वर संपणारं गाणं, आमच्या जुन्या गाण्यांसारखं, असं त्यांनी लिहिलं होतं.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मोराचं जे प्रसिद्ध हंगेरियन लोकगीत आम्ही वर्गात वर्षभर घोकलं, ज्यावर कोदायनं वाद्यवृंदासाठी रचनाही केली, ते ला वर येऊन संपतं. तिथं तेच पाच सूर असतात, पण घर ला असतं. वर्षभरात माझ्या कानानं ते घर धरलं होतं आणि आण्णांची चाल मी नकळत तिथं नेऊन उतरवत होतो. आण्णांच्या चालीत तो खालचा ध म्हणजे उंबऱ्याबाहेर एक पाऊल टाकून बघणं होतं. त्यांनी लोंबता हात दाखवला, क्षणभर ठेवला, आणि परत वर आणून मूठ मिटली. ध आणि मग सा. मी म्हटलं. त्यांनी मूठ तशीच ठेवली, बराच वेळ.

नेनींचा मेसेज मी त्यांना वाचून दाखवला. आण्णांनी टाइप केलं, "बाईंना सांग सा मुठीत आहे."

सांगितलं. नेनींनी उत्तरादाखल फक्त मुठीचा इमोजी पाठवला.

पाडव्याच्या पहाटे पाच वाजता देवळात गेलो. थंडी पडली होती. आण्णांनी गळ्याभोवती मफलर गुंडाळला होता, छिद्रावर जाळीचं फडकं. पोरांना आधी सांगून ठेवलं होतं, त्यामुळं तो अभंग आला तेव्हा सगळे थांबले. टाळ मी खाली ठेवला. पेटीवाल्यानं विचारलं, "पट्टी कुठली?" आयुष्यात मला हा प्रश्न कुणी पहिल्यांदा विचारला होता आणि मला उत्तर माहीत नव्हतं. मी एक सा गुणगुणला, त्यानं शोधून बोट ठेवलं. काळी एक.

आण्णा खांबाला टेकून समोर उभे होते. शालीखालून त्यांचा उजवा हात बाहेर आला होता. शेजारच्या म्हाताऱ्यांना वाटलं ते काहीतरी मागतायत. एकानं त्यांच्या हातात बुक्क्याची वाटी द्यायला पुढं केली, ती त्यांनी डाव्या हातानं बाजूला सारली. ध्रुपद गेलं बरं. बायकांच्या बाजूनं एक आवाज माझ्याबरोबर आला, मी तिकडं पाहिलं नाही. पहिलं कडवं गेलं. तिसऱ्या कडव्यात वरच्या मुठीपाशी आवाज पोचेना. आण्णांचा हात कपाळापर्यंत गेला, तिथं थरथरत थांबला, मी मात्र खालीच राहिलो. पखवाजवाल्यानं सांभाळून घेतलं. शेवटच्या ओळीला खालचा हात, आणि मूठ.

घरी आलो. आईनं चहा ठेवला. आण्णा ओसरीवर बसून बराच वेळ टाइप करत होते, एका बोटानं, चष्मा नाकावर घेऊन. माझा फोन वाजला.

"तिसरं कडवं पाडलंस. ध बरोबर. उद्या परत चल. शाल घे."